समोरचा वारा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आला होता. खरं तर त्याची छातीच झाली नव्हती.

पत्र एका बाईचं होतं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा. ते जहाज माणसांसकट नाहीसं झालं होतं. ‘त्याच दिवसांत तुम्ही त्याच समुद्रात हवा मोजत होतात म्हणे. दुसऱ्या जहाजाचा धूर कुठे लागला का? एवढंच कळवा.’

हवेतली काजळी मोजायची नळी त्याच्या संशोधन जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला होती, धुराडं मागे. वारा पाठीमागून आला की आपलाच धूर नळीत शिरायचा. तेवढ्या नोंदी खोडायच्या, ‘स्वतःचा धूर’ असा शेरा मारायचा, हे त्याचं काम.

आज दुपारचं जेवण झाल्यावर त्याने त्या नोंदींची जुनी वही काढली.

“अहो, पुन्हा तीच वही?” बायको म्हणाली. “त्या बाईला दोन ओळी लिहिल्या असत्या तर शाई संपली असती का?”

“लिहायला काही ठोस हवं ना.”

“तुम्हाला आपलं लग्न झालंय हेही अजून ठोस वाटत नाही.”

तो ओशाळवाणं हसला. पान उलटताना त्याचं बोट थांबलं.

दुपारी तीन चाळीस. काजळी, सतरा मिनिटं. शेरा: स्वतःचा धूर. शेजारच्या रकान्यात वाऱ्याची दिशा: समोरून.

“पुढे काही नाही. रडार कोरं आहे,” कप्तान तेव्हा म्हणाला होता.

“मग आपलाच असेल,” तो पुटपुटला होता. जास्त विचारलं तर लोक हसतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीस. समोरून. काजळी दुप्पट.

तिसऱ्या दिवशी चौपट.

शेवटची नोंद बंदरातली. इंजिन बंद. तीन चाळीस. काजळीचा काटा मोजपट्टीबाहेर.

त्याने पत्रातली तारीख पाहिली. बाईच्या नवऱ्याचं जहाज नाहीसं झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिला धूर लागला होता. तेव्हा तो बोलला असता, तर शोधणारे तिकडे गेले असते.

त्याने लिहिलं: ‘बाई, धूर लागला होता. आमचा नव्हता. मी तो खोडला.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला. रस्ता ओस होता. समोर नुसतं मोकळं मैदान.

जुन्या सवयीने त्याने बोट ओलं करून वर धरलं. वारा समोरून होता.

त्याने घड्याळ पाहिलं. तीन चाळीस.

बोट खाली घेतलं, तेव्हा ते काळं झालं होतं.