दहा शाळा, नऊ नारळ

“दिवाळीच्या सुट्टीत, भरदुपारी, तोंडाला रंग फासून शाळेच्या ओट्यावर कोणी बसते का बे?” खुशाल खदखदून हसला.

“मंग चाल ना! सोताच्या डोळ्यानं पाह्य!” राजदीपने सायकल वळवली. साक्षी उडी मारून मागे बसली.

माणूस खरंच होता! चेहऱ्यावर रंगवलेल्या सुरकुत्या, डोक्याला पागोटं. मागच्या भिंतीवर कापडी फलक: ‘आपला इतिहास, आपल्या शाळेत. नाटक: पाण्याखालचं गाव.’

मुलांना पाहून मुख्याध्यापक चुन्नीलाल सर खूश झाले. “बरे आले! पळा, गणवेश घाला अन् चाळीस पोरं जमवा. दहा मिनिटांचं काम आहे.”

“दहा मिनिटांत नाटक?” साक्षीने विचारलं.

“फोटो गं! टाळ्या वाजवायच्या अन् घरी जायचं. योजनेची मुदत आज संपते.”

फाटकाजवळ नाटकवाल्यांची गाडी उभी होती. आत एक पोतं अर्धवट उघडं होतं.

“नऊ नारळ!” खुशालने मोजले. “हे नाटक मंडळ आहे का दुकान?”

“हात नको लावू, बाबू.” रंगवलेला माणूस मागेच येऊन उभा होता. त्याचं नाव उदाराम. “आमच्यात नारळ फोडल्याबिगर नाटक सुरू होत नाही. अन् एकदा फोडला, का अर्ध्यात सोडता येत नाही. दर शाळेसाठी एक आणला होता. नऊ शाळा झाल्या. आजचा दहावा तिकडे ओट्यावर ठेवला आहे.”

“म्हणजे एकाही शाळेत नाटक झालंच नाही!” राजदीप ओरडला.

“फोटो झाले.” उदाराम कडवट हसले. “इटियाडोह धरणाच्या पाण्याखाली माझं गाव आहे. गाव सोडलं तवा आठ वर्षांचा होतो मी. पोरांसाठी हे नाटक लिवलं. आज शेवटची शाळा. उद्यापासून मंडळी धान कापाले जाते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खुशालसुद्धा हसला नाही.

अर्ध्या तासात चाळीस पोरं रांगेत बसली. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. “चला, उठा!” सर म्हणाले.

कोणीच उठलं नाही!

साक्षीने ओट्यापाशी जाऊन दहावा नारळ उचलला. डोळे मिटून तिने हात जोडले आणि, फटाक!

“अगं, काऊन फोडला?” सर किंचाळले.

“सर, आता नाटक थांबवता येत नाही,” साक्षी हळूच म्हणाली. “देवासमोर सुरू केलेलं अर्ध्यात सोडू नये, असं आई म्हणते.”

सर लाल झाले. पण उदारामांनी ओट्याला हात लावून कपाळाला लावला होता.

दीड तास कोणी हललं नाही. नाटकात गाव सोडायच्या सकाळी उदारामांच्या आईने अंगण झाडलं, सडा टाकला. शेजारीण म्हणाली, “आता कायले वं? उद्या पाणी येऊन राहिलं.” आई म्हणाली, “पाहुण्यासमोर घाण अंगण कसं ठेवू?” मग बापाने घराचं दार उखडून डोक्यावर घेतलं. पहिल्या रांगेत खुशाल बाहीने डोळे पुसत होता.

जानेवारीत देवरीला, तालुक्याच्या गावी, योजनेतल्या शाळांचा सत्कार झाला. हार चुन्नीलाल सरांच्या गळ्यात पडला. उदारामांना कोणी बोलावलंच नव्हतं.

“दहाही शाळांत प्रयोग यशस्वी!” योजनेचे साहेब म्हणाले.

“साहेब, एकाच शाळेत झाला!” राजदीप उभा राहून ओरडला.

“चुणचुणीत आहे पोरगा!” साहेब हसले. सरांनी तिघांना वर बोलावलं, पाठ थोपटली. “गर्दी यांनीच जमवली!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिघं मान खाली घालून खाली आले. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या शाळेची एक मुलगी बसली होती. तिच्या हातात प्रमाणपत्र होतं: ‘मी हे नाटक पाहिले.’

“काय होतं गं त्या नाटकात?” तिने विचारलं.

स्टेजवर भाषणं चालू होती. साक्षीने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि अंगणापासून सांगायला सुरुवात केली. अंगण, सडा, डोक्यावरचं दार. आजूबाजूच्या मुलांनीही खुर्च्या जवळ ओढल्या.

“मग शेवटी काय झालं त्या गावाचं?”

साक्षीने एकदा स्टेजकडे पाहिलं.

“बुडालं,” ती म्हणाली.