बावा बाकावर बसत नाही

शहाद्याच्या स्टँडवर साडेपाचची नंदुरबार गाडी लागली, तशी भूमिकेने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत चढून बघते तर तिथे एक उंच, सावळा मुलगा — आणि तिचा गुलाबी रुमाल त्याच्या मांडीवर, नीट घडी घालून!

"हाऊ रुमाल मन्हा शे. ऊठ आते."

"रुमालाला मी बसवून घेतलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हीही बसा. दोघांपुरती जागा आहे."

"पुस्तकसारखं बोलस तू!" ती हसली आणि बसली.

तो करणसिंग. तोरणमाळकडच्या डोंगरातला, घरी पावरी बोलणारा, शहाद्याच्या कृषी कार्यालयात नोकरीला आणि नंदुरबारला खोली घेऊन राहणारा. ती तापीकाठची, अहिराणी बोलणारी, शहाद्यातच रक्त तपासायच्या लॅबमध्ये. थंडीचे तीन महिने दोघांपैकी कोणीतरी रोज जागा धरायचं. शेंगा वाटून खायच्या. तिचं गाव आलं की तो विचारायचा, "उद्या?" आणि ती नुसती मान हलवायची... एवढंच. पण त्या एवढ्याशावर भूमिका दिवसभर तरंगत असायची.

मग होळीच्या आठवडाभर आधी सगळं बिघडलं. तिने जागा धरली होती, तर हा बसलाच नाही. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली. तिने पाण्याची बाटली पुढे केली, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"नको... हात लावू नकोस."

भरल्या गाडीत! लोकांनी माना वळवल्या. भूमिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने सहाची गाडी धरली. होळीनंतर तो दोनदा लॅबच्या दारात आला; तिने निरोप दिला, वेळ नाही. आता त्याची धडगावला बदली झाल्याचं कानावर आलं होतं. सोमवारी शेवटचा दिवस. जाईना का, माझं काय अडलंय, असं स्वतःलाच बजावत ती रविवारी मेथी निवडायला टीव्हीसमोर बसली.

सातपुड्यातल्या होळीवरचा माहितीपट लागला होता. होळीचा उंच बांबू उभा करायला माणसं नुसत्या हातांनी खड्डा खणत होती. पहाटेच्या उजेडात भलेमोठे ढोल घुमले. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं — असे नवस फेडणारे कितीतरी बावा नाचू लागले आणि भूमिकेची जुडी हातातच राहिली. आपल्या गच्चीवरून रोज दिसणारा तो निळा डोंगर... त्याच्या पोटात एवढं होतं?

शेजारी आजोबा, रूपचंदबाबा, खुर्चीच्या कडेला सरकले होते. "इतला वरीस डोंगर देखी ऱ्हायनू मी," ते हळूच म्हणाले, "पन हाई कधी देखं नही व!"

निवेदिका सांगत होती, नवसाचा बावा त्या दिवसांत व्रत पाळतो. आंघोळ नाही. खाटेवर, खुर्चीवर बसणं नाही. बाईचा स्पर्श नाही, तिच्या हातचं पाणीसुद्धा नाही.

आणि कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबला. राख घामाने ओघळलेली, डोळे मिटलेले, पाय जमिनीवर ठरत नव्हते. करणसिंग!

भूमिकेच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही अंगावर घेऊन तो तिच्यासमोर उभा होता, आणि ती रुसून बसली होती!

सोमवारी ती साडेपाचच्या गाडीत चढली. तो खिडकीशी होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्याचा रुमाल. आजही धरलेली.

भूमिका दांडा धरून उभीच राहिली.

"बस ना."

"नही. तू मन्हासामने उभा व्हता ना, तशी आज मी उभी ऱ्हासू."

त्याच्या लक्षात आलं. "टीव्ही पाहिलास?"

"माले का बरं सांगं नही?"

"वाटलं... तू हसशील."

"हसू? मन्हा डोयामा पानी उनं रे!"

गाडी तापीच्या पुलावर आली. तिने विचारलं, "नवस कसाना?"

"आईच्या दुखण्याचा. ती बरी आहे आता." तो अडखळला. "पण यंदा होळीभोवती फिरताना... एक मागणं जास्तीचं मागितलं."

"काय?"

त्याने शेजारचा रुमाल उचलला, घडी घातली, मांडीवर ठेवला. "या जागेवर तू. रोज. जन्मभर."

भूमिका बसली. तिने बाटली पुढे केली. करणसिंगने ती तिच्या हातातून घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला.

तिचं गाव आलं. सवयीने तो म्हणाला, "उद्या?" — आणि जीभ चावली. उद्यापासून तो या गाडीला नसणार होता.

भूमिका उठली नाही. तिने कंडक्टरला हाक मारली, "भाऊ, नंदुरबारनं तिकीट द्या."