सोळा तारखेचा शिक्का

"आठ दिवस झाले, मला खिडकीवर बसू देत नाहीत," ती म्हणाली आणि पिशवीत रुमाल शोधू लागली. रुमाल सापडेना. भाच्याने आपला पुढे केला, पण तो धुतलेला नाही हे आठवून लगेच परत खिशात घातला.

मावशी खुर्चीत पुढे सरकल्या. सगळं शहर त्यांना मावशीच म्हणे. सव्वीस वर्षं त्या लोकांची हरवलेली माणसं आणि लपलेली कारणं शोधून देत होत्या. त्यांचा हा भाचा मदतीला असायचा. वय चाळीस, मन सरळ, डोकं जरा निवांत.

"पहिल्यापासून सांग," मावशी म्हणाल्या. "आणि सावकाश. घाईत नेमकं महत्त्वाचं तेच गळतं."

ती शहर कला मंडळात कारकून होती. मंडळ दरवर्षी दहा स्थानिक कार्यक्रमांना सभागृह, रंगमंच आणि दिवे देई. यंदा अर्जांची शेवटची तारीख होती पंधरा, शुक्रवार. खिडकीवर अर्ज घ्यायचा, वरच्या पानावर तारखेचा शिक्का मारायचा आणि माणूस गेला की आवक वहीत नोंद करायची, हे तिचं काम.

"बाहुल्यांचा खेळ करणारे दोरीवाले काका शुक्रवारी पावणेपाचला आले. मी माझ्या हाताने शिक्का मारला. बुधवारी सचिवसाहेबांनी फाइल उघडली, तर शिक्का सोळा तारखेचा!"

"म्हणजे उशिरा आलेला अर्ज," भाचा म्हणाला.

"आणि वहीत माझ्या अक्षरात पंधरा. साहेब म्हणतात, ओळखीखातर खोटी नोंद केलीस. लहानपणी मी काकांच्या शेजारी राहायचे. हे कौतुकाने मीच सांगितलं होतं सगळ्यांना! उद्या अकराला बैठक आहे. मला काढून टाकणार. घर माझ्या एकटीच्या पगारावर आहे, मावशी."

"खोटंच करायचं असतं, तर हिने शिक्काही पंधराचाच मारला असता," मावशी भाच्याला म्हणाल्या.

"हो की!" भाचा म्हणाला. हे दोन शब्द तो दिवसातून दहा वेळा म्हणे.

"शिक्क्यावरची तारीख कधी बदलतेस?"

"रोज सकाळी, आल्या आल्या."

"शुक्रवारनंतर फाइल कोणाकोणाच्या हातात होती?"

"सोमवारी काका एक राहिलेली सही करायला आले. दुपारी गायनवृंदाच्या बाई फोटो जोडायला आल्या. फायलींचा गठ्ठा आणि शिक्का दोन्ही खिडकीवरच होते. दोघांच्याही वेळी साहेबांनी बेल वाजवली म्हणून मी पाचेक मिनिटं आत गेले होते. मंगळवारी गठ्ठा साहेबांच्या कपाटात गेला."

मंडळाच्या कार्यालयात सचिवांनी फाइल टेबलावर ठेवली, जरा आपटूनच.

"शेवटची तारीख पंधरा. शिक्का सोळाचा. माझ्या दृष्टीने विषय संपला."

मावशींनी फाइल उघडली. आतली पानं कडांनी गोल वळत होती, भाच्याला ती दोन्ही हातांनी दाबून धरावी लागली. वरचं पान मात्र पाटीसारखं सपाट होतं. मंडळाचंच पान, पण कोरं. परीक्षकांना संस्थेचं नाव कळू नये म्हणून त्यावर शिक्क्याखेरीज काही नसे. अशा कोऱ्या पानांची चळत खिडकीवर ठेवलेली असे, अर्जदार त्यातलं एक घेऊन जात.

मावशींनी इतर अर्जांवरचे शिक्के पाहिले. सगळे रेखीव होते. हा एकच दुहेरी उमटला होता, जणू शिक्का कागदावर नाचला होता.

गायनवृंदाच्या बाई तालमीच्या खोलीत भेटल्या. त्यांनी प्रश्नाची वाटच पाहिली नाही.

"मी अकराव्या नंबरवर आहे. काकांचा अर्ज बाद झाला की आमची वर्णी लागते. तेव्हा संशय घ्या, सगळेच घेतायत! पण तुमचं ते मंडळ म्हणजे ना! शनिवारी फोटो द्यायला मुद्दाम रिक्षा करून गेले, तर दाराला हे एवढं कुलूप. मला सोमवारी पुन्हा फेरी!"

"आणि सोमवारी खिडकीवर कोणी नव्हतं?"

"पाच मिनिटं कोणी नव्हतं. मी माझे फोटो जोडले, चिकटपट्टी बोटांना लागली, चिडले आणि आले."

बाहेर आल्यावर भाचा कुजबुजला, "कारण आहे, संधी आहे. मावशी, हीच!"

"चल, आधी काकांकडे जाऊ."

काकांच्या खोलीत भिंतीभर बाहुल्या टांगल्या होत्या. कोपऱ्यात पत्र्याच्या नळकांड्यांत चित्रं, पडदे, कागद, सगळं गुंडाळून ठेवलेलं. काकांची धाकटी बहीण खिडकीशी बसून एका बाहुलीच्या दोऱ्यांना गाठी मारत होती. खेळात आवाज तिचा आणि हात काकांचे. काका शाल पांघरून बसले होते. खोलीत चांगलंच उकडत होतं.

"एकतीस वर्षं आम्ही खेळ करतोय," बहीण म्हणाली. "आणि हे म्हणतात उशीर झाला! दादा, तू बोल ना."

"झाला असेल उशीर," काका म्हणाले. "नियम तो नियम."

"तू एवढा शहाणा कधीपासून झालास?"

तिने चहा आणला. काकांनी कपाकडे मान हलवून "ठेव तिथे" म्हटलं. चहा निवत गेला.

"सुट्टी कधी घेता तुम्ही?" मावशींनी सहज विचारलं.

बहीण हसली. "शनिवार-रविवार तर आमचे कामाचे! लोक सुट्टी घेतात ती आमचा खेळ बघायला. एक सोमवार काय तो आमचा."

मावशी काकांकडे वळल्या. "त्या कारकून मुलीची नोकरी जायची वेळ आली आहे."

काकांनी चटकन वर पाहिलं. "तिची? तिचा काय संबंध?"

"वहीत तिने पंधरा तारीख लिहिली आहे."

"वही असते होय," काका हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला सचिवांच्या खोलीत सगळे जमले. मावशींनी काकांना आणि त्यांच्या बहिणीलाही बोलावलं होतं. कारकून भिंतीशी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. मावशींनी आधी तिला खुर्ची दिली.

"साहेब, सोळा तारखेला वार कोणता होता?"

सचिवांनी दिनदर्शिका पाहिली आणि ते थबकले. "शनिवार."

"म्हणजे कार्यालय बंद. ही मुलगी कामावर आल्यावर तारीख बदलते. शुक्रवारच्या पंधरानंतर तिचा शिक्का थेट सोमवारच्या अठरावर जातो. खरोखर उशिरा आलेल्या अर्जावर अठरा असतं. सोळाचा शिक्का या कार्यालयात मारलाच जात नाही."

"हो की!" भाचा म्हणाला.

"तारीख पंधराच्या पुढची दिसली आणि तुमचं वाचन तिथेच थांबलं, साहेब." सचिवांनी चष्मा काढून पुसला. "आता अर्ज बघा. आतली पानं गोल वळलेली, कारण काका कागद गुंडाळून नळकांड्यातून आणतात. वरचं पान सपाट, म्हणजे ते त्यांच्याबरोबर आलंच नाही. इथल्या चळतीतलं कोरं पान घेऊन, शिक्का मागे फिरवून, कोणीतरी ते नंतर लावलं. पहिलं पान काढून नेलं."

"पण कोणी?" सचिवांनी विचारलं.

"ज्याला शनिवार हा सुट्टीचा दिवस वाटत नाही त्याने. एक दिवस उशीर दाखवायचा म्हणून त्याने पंधरानंतरची सोळा घेतली. तुम्ही आणि ही मुलगी ही चूक करणार नाही, शनिवारी तुम्ही घरी असता. गायनवृंदाच्या बाईंनी तर शनिवारी इथलं कुलूप स्वतः पाहिलं होतं. शिवाय शिक्का दुहेरी उमटला आहे. मारणारा हात स्थिर नव्हता." मावशी थांबल्या. "काका, पुढचं मी सांगू, की तुम्ही सांगता?"

काकांनी शालीतून हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. दोन्ही हात थरथरत होते.

"गेल्या वर्षी राजाचा पाय भलत्याच वेळी उचलला गेला," ते म्हणाले. "मुलं हसली. त्यांना ते खेळातलंच वाटलं. मला मात्र कळलं. पण हिला कसं सांगू? खेळासाठी हिने चांगली नोकरी सोडली होती. वाटलं, नकार बाहेरून यावा. आपल्या तोंडून नको."

बहीण खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकली.

"दादा, वर्षभर गाठी कोण मारतंय? मला दिसत नव्हतं का? तू कधीतरी बोलशील म्हणून मी थांबले होते. बोलेनास, तेव्हा वाटलं तुला अजून करायचंय. म्हणून मी अर्ज भरला. मला एकटीला कुठे हौस होती?"

काका उठून कारकून मुलीसमोर उभे राहिले.

"त्या वहीचं मला ठाऊक नव्हतं. पण कालपासून ठाऊक होतं, आणि तरी मी रात्रभर गप्प बसलो. ही चूक हातांची नाही, पोरी. माझी आहे."

सचिव घसा खाकरून म्हणाले, "या मुलीवरचा ठपका आम्ही मागे घेतो. तसं लेखी देतो."

"आणि माफी?" मावशींनी विचारलं.

"तीही," सचिव म्हणाले. ते त्या मुलीकडे वळून माफी मागेपर्यंत मावशी त्यांच्यावरची नजर हटवायला तयार नव्हत्या.

कारकून काकांशी बोलली तेव्हा तिचा आवाज शांत होता. "काका, आठ दिवस माझ्या घरात कोणी धड जेवलं नाही. मला हे लगेच विसरता यायचं नाही."

"विसरू नकोस," काका म्हणाले.

"पण अर्ज मागे घ्यायचा तर त्याचा वेगळा कागद असतो. तो तुम्ही दोघांनी घरी बसून, बोलून भरा. मग माझ्याकडे आणून द्या."

तिने डोळे पुसले, या खेपेला पदराने. बाहेर खिडकीपुढे तीन माणसं ताटकळत होती आणि एक जण काचेवर नाण्याने टकटक करत होता.

"आले, आले," म्हणत ती आपल्या जागेवर जाऊन बसली.