झिपरीच्या पाच शिश्या

"उषे, शिशी हातात आली की आधी गार लागते का बघ. नाव मागनं वाच. कोमट औषध म्हणजे नुसतं पाणी."

ट्रेनिंगच्या मेट्रनबाईंचा हा आवाज. त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. लसीच्या बर्फाच्या डब्याचं झाकण उघडलं की उषाबाईंना तो हटकून ऐकू यायचा. त्या शुक्रवारी मात्र तो ऐकू आला तेव्हा वेळ निघून गेली होती.

१९९४ सालचा भाद्रपद. हसनाबादजवळच्या वाडीत सकाळचे साडेसात झाले होते. उषाबाई आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर तुळशीला पाणी घालत होत्या, तेवढ्यात शेतमजुरी करणारी कांताबाई धापा टाकत आली.

"बाई, झिपरी मेली. कुनीतरी औषध घातलं जनू."

"आणि बेबी?"

"तितंच बसली हाय. रडंना बी, उठंना बी. चला वो जरा."

उषाबाईंनी तांब्या तसाच कठड्यावर ठेवला.

शेतमालक बद्रीनाथच्या कपाशीच्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडमागे लिंबाखाली झिपरी पडली होती. गळ्यात साखळी, जबडा लोंबलेला, तोंडाखालची माती ओली. चार हातांवर बेबीनंदा गुडघ्यात हनुवटी घालून बसली होती. वय वर्षं पंधरा. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. होती ती ही एक झिपऱ्या केसांची कुत्री.

श्रावणात एक पिसाळलेलं कुत्रं वाडीत शिरलं आणि झिपरीचा कान फाडून गेलं. गाव म्हणालं, मारून टाका. बेबीनंदानं तिला मिठी मारली आणि सोडलीच नाही. कोणीतरी सांगितलं, कुत्र्याला पाच इंजेक्शनं दिली तर वाचतं. तोवर ती झिपरीच्या भाकरीपुरत्या लिंबोळ्या वेचून विकायची, लोकांच्या शेळ्या राखायची. तेवढ्यात पाच इंजेक्शनं कुठून येणार? तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "क्रॉसिंगला ये माझ्या प्लॉटवर. इंजेक्शनं मी आनतो. मजुरीत वळती करू."

क्रॉसिंग म्हणजे संकरित बियाण्याचं काम. दुपारी मादी झाडाची कळी नखानं सोलायची, तिला लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी नर फुलाची पूड लावायची आणि झालेल्या फुलाला दोरा बांधायचा. दिवसाला हजार-हजार कळ्या. पोरींचे अंगठे सोलून निघायचे. बेबीनंदाचा हात सगळ्यांत चलाख, म्हणून तिचे अंगठे सगळ्यांत लाल.

"बेबी, हिला कधीपासून बरं नव्हतं?"

"मंगळवारपासनं. पानी पिता येत नव्हतं तिला. जबडाच मिटंना."

"मग तू काय केलंस?"

"मला वाटलं घशात हाडूक अडकलं. बोटं घालून बघितलं. कायच नव्हतं."

उषाबाईंनी तिचा हात उलटा केला. अंगठ्याच्या नखाशी कातडं फाटून ओलं मांस दिसत होतं.

"कांता, हिला हापशावर ने. साबण लावून अर्धा तास हात धू म्हणावं. आत्ता. चोळायचं नाही, पाणी सोडत राहायचं."

"पन बाई, औषध कुनी घातलं?"

"औषधानं जनावर तासाभरात जातं. ही तीन दिवस जबडा लोंबून होती. कांता, ही पिसाळली होती."

बेबीनंदानं पहिल्यांदा मान वर केली. "न्हाई बाई. पाच इंजेक्शनं झाल्ती तिची. मी मोजल्यात. शिश्या बी हायत."

शेडच्या वळचणीतून तिनं बिस्किटाचा डबा काढला. आत पाच रिकाम्या शिश्या. प्रत्येकीच्या मानेला क्रॉसिंगचा दोरा बांधलेला. झालेल्या फुलाला बांधतात तसाच.

उषाबाईंनी एकेक शिशी उजेडात धरली. चिठ्ठीवर नाव बरोबर होतं. मग त्यांनी पाचही रबरी बुचं निरखून बघितली, डबा काखेत धरला आणि बेबीनंदाला कांताबाईबरोबर हापशावर पाठवलं.

दुसऱ्या इंजेक्शनाच्या वेळची गोष्ट त्यांना आठवली. बेबीनंदा उपकेंद्रात येऊन म्हणाली होती, "बाई, पुढच्या खेपंपासनं तुमच्या बर्फाच्या डब्यात ठेवता का झिपरीची शिशी?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "हा माणसांचा डबा आहे ग." त्या दिवशी शिशी नुसती हातात घेतली असती तरी कळलं असतं.

मच्छिंद्र नऊ वाजता सापडला, कुणाच्या तरी गाईपाशी. गावोगाव फिरून जनावरांना सुया टोचणं हा त्याचा धंदा.

"झिपरीला पाचही तूच टोचलीस?"

"मीच. पैसा न्हाई घेतला बाई, पोरीकडं बघून."

"शिशी कोण द्यायचं?"

"मालक. बद्रीनाथशेठ."

"हाताला कशी लागायची?"

मच्छिंद्र थबकला. "पयली गार व्हती. थर्मासमधून आन्ली व्हती त्यांनी, बर्फ घालून. मंगच्या खिशातूनच काढून दिल्या. कोमट असायच्या."

"तुला काही वाटलं नाही?"

"मला काय वाटायचं? देनाऱ्यानं दिली, मी टोचली."

"झिपरी कुणाला चावली होती का?"

"चावली म्हंजे... गेल्या गुरुवारी पाचवं देताना मालकांनी धरलं व्हतं तिला. पोटरीला दात लागला जरासा. मालक हसून राह्यले. म्हने, इंजेक्शनवाली कुत्री हाय, भ्यायचं कायला?"

"मग?"

"मंग काय, गेले निघून. त्यांना कुठं सवड हाय? दुसऱ्या दिवसापासनं रोज पयल्या गाडीनं भोकरदनला जाऊन राह्यले. तहसीलमदी काम हाय म्हन्त्यात. रविवारबी सोडला न्हाई. तहसीलदार जावई करून घेऊन राह्यला जनू."

तो आपल्याच विनोदावर हसला. उषाबाई हसल्या नाहीत.

"मच्छिंद्र, अकरा वाजता प्लॉटवर ये."

अकराच्या गाडीनं बद्रीनाथ उतरला. सदरा मोकळा, धोतर बेंबीखाली सैल बांधलेलं. पायवाटेनं तो हळूहळू, जरा वाकून आला. शेडजवळ चौघं उभी दिसली तसा थांबला.

"काय नर्सबाई, आज आमच्या शेतात?"

"बसा ना बद्रीनाथभाऊ. बाज आहे."

"ऱ्हाऊ द्या. उभाच बराय."

"झिपरी गेली."

"आयकलं गाडीत. वाईट झालं. एवढी इंजेक्शनं देऊन..." त्यानं बेबीनंदाकडे बघितलं. "पोरी, नशीब असतं एकेकाचं."

उषाबाईंनी डबा बाजेवर उघडला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"ही पहिली शिशी. बुचाला सुईचं एक भोक. एका शिशीत एकच डोस असतो, म्हणजे एकच भोक पाहिजे. आता या चार बघा. प्रत्येकीला तीन भोकं आहेत. मच्छिंद्र, तू किती वेळा सुई घातलीस?"

"एकदाच, बाई. शपथ."

"मग एक भोक तुझं. एक ज्या कुत्र्यासाठी ही शिशी आधीच वापरली गेली त्याचं. आणि मधलं, शिशीत पाणी भरणाऱ्याचं. रिकाम्या शिश्या तालुक्याच्या उकिरड्यावर हव्या तेवढ्या मिळतात. पहिलं इंजेक्शन खरं होतं, कारण तेव्हा सगळा गाव बघत होता. मग कोणी बघेना."

बद्रीनाथ म्हणाला, "दुकानवाल्यानं फसवलं असंल. मला इंग्रजी कुठं येतं?"

"मीपण आधी तेच धरून चालले होते."

"मंग?"

"भाऊ, रविवारी तहसील उघडी असते?"

त्याचा हात धोतराच्या गाठीकडे गेला.

"गुरुवारी झिपरीचा दात लागला. चारचौघांत तुम्ही हसलात. शुक्रवारपासून रोज पहिली गाडी. सुट्टी नाही, रविवार नाही. रोज, न चुकता घ्यावं लागणारं औषध एकच आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं. आज आठवं झालं. म्हणून धोतर खाली आहे, म्हणून बसवत नाही. दुकानदारानं फसवलं असतं तर तुमचा झिपरीच्या इंजेक्शनांवर भरवसा असता. तुमचा नव्हता. या वाडीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं की त्या शिश्यांत पाणी आहे."

हापशावरून पाण्याचा आवाज येत होता. कोणीतरी कळशी भरत होतं.

"क्रॉसिंगचे पन्नास दिस असत्यात," बद्रीनाथ शेवटी म्हणाला. "असे हात पुन्यांदा मिळत न्हाईत. कुत्री मेली असती तर ही आली नसती. खरं औषध आन्लं असतं तर हिच्या मजुरीत मला काय उरलं असतं? कुत्रं हाय बाई ते. त्याला काय कळतंय पानी आन् औषध?"

"कुत्र्याचं सोडा. आठ दिवस तुम्ही स्वतःचं पोट टोचून घेत होतात, आणि ही पोर तुमच्या डोळ्यांदेखत तिला हातानं भरवत होती. हे अंगठे बघितले होते तुम्ही? तुमच्याच कळ्यांनी सोललेत."

बद्रीनाथनं नजर प्लॉटकडे वळवली. लाल टोप्यांच्या रांगा उन्हात हलत होत्या.

"मुद्दाम न्हाई केलं. ध्यानातच आलं न्हाई," तो पुटपुटला. मग, "आज दुपारच्या कळ्या तशाच ऱ्हातील, नर्सबाई. तिला संध्याकाळच्या गाडीनं नेलं तर न्हाई चालनार का?"

कांताबाईनं पायातली चप्पल काढली. हातात धरली, आणि तशीच खाली टाकली. "मारून काय व्हनार हाय?" ती म्हणाली. "फिर्याद बी कोन घेनार? कुत्रीच्या पान्याची?"

खरंच होतं ते. उषाबाईंनी शिश्या परत डब्यात भरल्या. मच्छिंद्र केव्हा निघून गेला कोणाला कळलं नाही.

"बाई," बेबीनंदानं विचारलं, "मलाबी चौदा?"

"हो. एकची गाडी आहे, मी चिठ्ठी देते. चौदाच्या चौदा दिवस मी बरोबर येईन."

"मंग मी वाचते?"

उषाबाई तिच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या. जखमा किती दिवसांच्या, लाळ केव्हापासूनची, दवाखान्यात लस शिल्लक आहे का, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आपण जायचं," त्या एवढंच म्हणाल्या.

बेबीनंदानं मान हलवली. जणू तिला तेवढंच अपेक्षित होतं. मग ती हळूच म्हणाली, "मी झिपरीला शब्द दिल्ता बाई. पाचवं झालं की आठ दिसांनी साखळी काढीन म्हनून. आज आठवा दिस हाय."

ती उठली तशी उषाबाईंनी तिचा खांदा दाबून तिला परत बसवलं.

"तू हात लावायचा नाही."

"मंग तशीच पुरनार तिला? साखळीसकट?"

"नाही. मी काढते."

गाडीला अजून तास होता. उषाबाई उपकेंद्रात गेल्या. कठड्यावरचा तांब्या अर्धा भरलेला तसाच होता. उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं, हात जोडले. कपाटातले रबरी हातमोजे घेतले, कोपऱ्यातली कुदळ खांद्यावर टाकली आणि कोणाशी न बोलता लिंबाच्या वाटेला लागल्या.