आवाज नको, फक्त हात घे

त्या दिवशी मी माझ्याच चष्म्यावर बसले.

बागेतल्या बाकावर चष्मा काढून ठेवला, डोळे चोळले, फोन आला म्हणून उठले आणि परत बसले ती थेट… कट्! माझा नंबर मायनस सहा. चष्म्याशिवाय समोर माणूस आहे की झाड, हे मला ते हलल्यावरच कळतं. चाचपडत रस्ता ओलांडला. पलीकडे एका पाटीवर भलामोठा चष्मा रंगवलेला होता, तेवढा मात्र ओळखता आला.

दोन्ही तुकडे पुढे करून मी काउंटरमागच्या धूसर आकृतीला विचारलं, "हे जुळेल का हो?"

आकृतीने तुकडे हातात घेतले. मग म्हणाली, "ब… ब… बसा."

"बसल्यामुळेच तर हे झालं!"

आकृती हसली. बोलणं अडखळत होतं, पण हसू मात्र एकदम मोकळं. थोड्या वेळाने दोन उबदार बोटांनी माझ्या कानांवर काड्या टेकवल्या, आणि मला पहिल्यांदा तो स्पष्ट दिसला. कपाळावर केस, गालाला पांढरी भुकटी, आणि माझ्या डोळ्यांत नाही तर चष्म्यात बघणारे डोळे.

"तात्पुरता जोडलाय," तो म्हणाला. "नवी फ्रेम क… करून देतो. हाताने."

तो आणि त्याची मोठी बहीण मिळून ते दुकान चालवत. ताई पुढे गिऱ्हाईक बघायची, हा मागच्या खोलीत कानस घेऊन फ्रेमा घासायचा. शाळेपासून बोलताना अडखळायचा म्हणून अनोळखी माणसांपुढे तोंड उघडायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ताई त्याला मुनी म्हणायची.

"आमच्या मुनीचं काम बघ," ताई म्हणाली, "आणि समोर बघ." समोर काचांनी लखलखणारं मोठं दुकान नवंच उघडलं होतं. "तिकडे माणसं वडापच्या जीपमध्ये कोंबल्यासारखी भरतात. इकडे मी माशा मारते."

मी लहान दुकानांचे रील्स करून द्यायचे. त्यावरच माझं पोट चालायचं. मी म्हटलं, "मी करते तुमचे व्हिडिओ."

मुनीने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "माझा आवाज नको. फक्त हात घे."

"तोंड?"

"तोंडही नको."

"बरं बाई, हात तर हात," मी म्हणाले. "वचन."

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, त्यात भुकटी तरंगायची, आणि त्याची लांबसडक बोटं गरम केलेली काडी इतक्या हळुवार वाकवायची की बघताना माझेच कान तापायचे. आठवड्याभरात तो माझ्याशी सरळ बोलायला लागला. न अडखळता, भराभरा, कधीकधी तर मलाच थांबवून.

"मायनस सहा, जरा उजेडातून सरक."

"माझं दुसरं काही नाव नाही का?"

"आहे. पण ते सगळेच घेतात."

माझी फ्रेम मात्र काही केल्या होईना. कधी नाकावर घट्ट, कधी कानाला सैल. "परवा ये," म्हणायचा. मी परवाच्या आदल्या दिवशीच जायचे.

व्हिडिओ बरे चालले होते. बरे म्हणजे, लोक बघायचे आणि पुढे सरकायचे. दुकानात कुणी यायचं नाही. ताईचा चेहरा उतरत चालला होता आणि मला लाज वाटत होती.

मग ती दुपार आली. तिवईवर फोन लावून मी त्याचे हात टिपत होते. एकाएकी त्याने कानस खाली ठेवली.

"तुझी फ्रेम… प… पहिल्याच दिवशी तयार झाली होती," तो म्हणाला. माझ्यापुढे कितीतरी दिवसांनी तो अडखळत होता. "तू हसलीस की गाल वर येतात, च… चष्मा हलतो. तेवढं घासायचं होतं. घासलं. मग पुन्हा मुद्दाम बिघडवलं. कारण… नीट झाली असती तर तू क… कशाला आली असतीस? मला तू… रोज… ह… हवी आहेस."

त्याने वर बघितलं. कानांपर्यंत लाल झाला होता.

मला काय वाटलं म्हणून सांगू? 'मलाही' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. आणि त्याच क्षणी माझी नजर फोनकडे गेली. तो सुरूच होता. बोलता बोलता तो पुढे झुकला होता, चेहरा अगदी चौकटीच्या मधोमध. मनात आलं, हे चालणार! असं काही आजवर कुणी दाखवलेलंच नाही…

तेवढ्यात ताईने हाक मारली, मी "आलेच" म्हणून उठले, आणि उत्तर तसंच राहिलं.

घरी जाऊन मी ते कापलं, जोडलं, खाली दुकानाचा पत्ता टाकला. विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तो नाही म्हणेल हेही कळत होतं. स्वतःची समजूत घातली, दुकान वाचेल, मग तोच खूश होईल. आणि सकाळी नेटवर टाकलं.

दुपारपर्यंत लाखो लोकांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागली. ताईने मला मिठीच मारली. आणि चौथ्या दिवशी लोकांनी त्याचा आवाज उचलला. पोरंपोरी त्या आवाजावर ओठ हलवायला लागली. नवरा बायकोला "ह… ह… हवी आहेस" म्हणायचा, बायको खो खो हसायची. ज्यांच्या घरात मांजरी होत्या, त्यांनी मांजरींच्या व्हिडिओंनाही तो आवाज लावला.

मी पोचले तेव्हा एक गिऱ्हाईक फोन उगारून काउंटरपाशी उभं होतं. "ओ, एकदा तसं बोला ना! बायकोला पाठवायचंय."

मुनी आत गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

मी मागोमाग गेले. "मी काढून टाकते. आत्ताच. हे बघ, काढलं."

"ब… बाकीच्यांचं?"

मी फोन पिशवीत टाकला.

"मला एक सांग," तो अगदी हळू म्हणाला. "मी बोलत होतो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस की फ… फोनकडे?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन्हीकडे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, एखादा नंबर लिहून घ्यावा तशी. "इतक्या लोकांनी हृदयं पाठवली. ओळखदेख नसलेल्यांनी. त… तुझंच काही आलं नाही."

"मलाही तू…"

"आत्ता नको," तो म्हणाला. "आत्ता तू घ… घाबरली आहेस म्हणून बोलशील."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कानस उचलून कामाला लागला. त्या दिवशी त्याने माझी फ्रेम पूर्ण केली. तसूभरही हलत नव्हती.

दुकान सावरलं. ताईने दोन माणसं कामाला ठेवली. आणि दीड महिन्यात मुनीने दूरच्या एका गावी, चष्मे घडवायला शिकवणाऱ्या शाळेत नोकरी धरली. निघायच्या दिवशी मी बसथांब्यावर गेले. फोन घरी ठेवून गेले होते, हे त्याला मुद्दाम सांगावंसं वाटलं, पण मग वाटलं, यात मिरवण्यासारखं काय आहे?

"आता घाबरलेली नाही," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. तेव्हाही हवा होतास. त्याच दुपारी."

त्याने माझ्याकडे बघितलं. चष्म्यात नाही, डोळ्यांत.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त… त्याचंच तर वाईट वाटतं."

बस आली. त्याने पिशवी उचलली, माझ्या खांद्याला हलकेच हात लावला आणि चढला. थांब म्हणाला नाही, ये म्हणाला नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. परवा दुकानावरून जाताना ताईने आत बोलावलं. म्हणाली, मुनी वर्गात तास तासभर बोलतो, अडखळतो आणि तसाच पुढे बोलत राहतो, पोरं जीव टाकतात त्याच्यावर. ऐकून इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"छान झालं," मी म्हणाले. आणि मग राहवलं नाही. "ताई… माझं काही विचारतो का?"

ताई काउंटरची काच पुसत होती. स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली.

"कामात असतो गं तो," ती म्हणाली.