कुणीच सेव्ह न केलेली ओळ

हे खरं आहे. यात माझा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे मीठमसाला लावून सांगायची मला हौस नाही.

गेल्या मार्चमधला गुरुवार. महाळुंग्यातली आमची कंपनी. गुरुवारी इथे सुट्टी. प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद. रोजचा दणदणाट नसला की उलट जीव घाबरा होतो.

दुपारी वरच्या ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि मिहिर. खाली शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, माझा धाकटा भाऊ नवनाथ पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसच्या आत शिरून साफसफाई करत होता.

प्रेस चालू करायची परवानगी आमचं जावातलं वेब ॲप्लिकेशन देतं. आत जाणारा कार्ड लावतो, स्क्रीन लाल होते. तो बाहेर येऊन स्वतः कार्ड काढत नाही तोवर प्रेस हलत नाही.

ही अट आमचे सीनियर, सदाशिव सर, यांनी कोडमध्ये लिहिलेली. सर त्याआधीच्या दिवाळीत गेले. हार्ट अटॅक.

मिहिर नवीन स्क्रीन टेस्ट करत होता. त्याच्याकडे एक टूल आहे. कोड बदलून सेव्ह केला की चालू सर्व्हरवर बदल लगेच लागू. सर्व्हर बंद-चालू करायची कटकट नाही.

टेस्टपुरती त्याने सरांची ती अटीची ओळ काढली. सेव्ह केलं.

मागून आवाज आला...

टक. टक.

मागे सरांचं टेबल. खुर्ची रिकामी. कीबोर्डवर धूळ.

"वर्षाली, ओळ परत आली."

"तूच अनडू केलं असशील."

"वेडा आहे का मी?"

त्याने पुन्हा काढली. सेव्ह.

टक... टक.

ओळ परत जागेवर.

सर असंच सेव्ह करायचे. जोरात, दोनदा. आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो.

"थांब, टूल कुठे जोडलंय ते बघतो," मिहिर वैतागून म्हणाला. बघितलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

सकाळी त्याने शॉपच्या सर्व्हरवर काहीतरी दुरुस्त केलं होतं. टूल तिथेच जोडलेलं राहिलं होतं.

म्हणजे अट खाली, खऱ्या प्रेसवरून निघत होती.

मी सुपरवायझर हिंदुरावांना फोन लावला.

"बरं झालं ताई, तुमीच फोन केला. साफसफाई झाली म्हनून मगाधरनं प्रेस चालू करून बघायला लागलोय. दोनदा हिरवा आला, बोट लावस्तोवर परत लाल."

"मामा, नवनाथ कुठंय?"

"त्यो चहाला गेलाय न्हवं?"

तो आतच होता.

जिना कशी उतरले, आठवत नाही. नवनाथने प्रेसमधून डोकं बाहेर काढलं. "ताई, रडतेस काय?"

मी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी ते टूल शॉपच्या सर्व्हरवरून कायमचं काढायला लावलं. बरोबरच आहे त्यांचं. सगळे निर्धास्त झाले.

मी नाही झाले.

कारण नवनाथ अजून दर गुरुवारी आत शिरतो. आणि उद्या आणखी कुणी चुकलं, तर सरांना आता यायला वाटच ठेवली नाही आम्ही.

आज गुरुवार आहे. आत जाताना तो फोन बाहेर ठेवतो, हे मला माहीत आहे.

तरी लावतेय.