पलीकडची

गिरणीवाल्याची बायको एका दिवसासाठी माहेरी गेली आणि संध्याकाळी परत आली. यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण माहेर नदीपलीकडे होतं, आणि नदीपलीकडे दुसरा देश होता.

त्यांचं लग्न झालं तेव्हा याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गोरे साहेब जाताना नकाशात नदीच्या मधोमध रेघ ओढून गेले होते, पण वऱ्हाड होडीत बसून आलं आणि होडीतूनच परत गेलं, कुणी अडवलं नाही. पुढे एका मोठ्या पुरात नदीने कूस बदलली. कागदावरची रेघ जागच्या जागी राहिली, नदी सरकली, आणि मधे गाळाचा एक लांबट पट्टा वर आला. त्यावर लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं, बगळ्यांशिवाय कुणी राहत नव्हतं. तरी तो आमचाच, असं दोन्ही सरकारं म्हणू लागली. होड्या बंद झाल्या, दोन्ही काठांना चौक्या बसल्या, पायपुलावर लोखंडी फाटक आलं. त्या पट्ट्यापायी माणसंही मेली. बगळे तेवढे येत-जात राहिले.

मग एका वर्षी दोन्हीकडच्या साहेबांचं काहीतरी जमलं आणि एका दिवसासाठी फाटक उघडायचं ठरलं. ज्यांचे आईबाप पलीकडे अंथरुणाला खिळलेत, त्यांनी सकाळी जायचं आणि संध्याकाळी भोंगा व्हायच्या आत परतायचं. गिरणीवाल्याच्या सासूबाई दोन वर्षं खाटेवर होत्या. तो स्वतः बायकोला पुलापर्यंत सोडायला गेला.

"भोंग्याच्या आत ये हं. तिथे गप्पांत रमशील."

"येते हो. आणि अंगणातले कपडे काढा आठवणीने. नाहीतर बसाल आपले गिरणीत." एवढं बोलून ती गेली.

संध्याकाळी ती परत आली ती सगळ्यांत शेवटी. भोंगा संपत आला होता, शिपायाने फाटक अर्धं ओढलं होतं, तेव्हा ती पुलावर दिसली. घाई नाही, धाप नाही. आईसाठी नेलेली पिशवी हातात तशीच भरलेली.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

एवढंच. आईचा विषय निघाला की जिच्या तोंडाची टकळी थांबत नसे, ती पुढे एक शब्द बोलली नाही. दमली असेल, त्याला वाटलं. त्याच रात्री पट्ट्यावरून गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कुणी झाडली यावर दोन्ही सरकारं अजून भांडताहेत. फाटकाला मोठं कुलूप लागलं.

घरात सगळं नीट होतं. उलट पूर्वीपेक्षा बरंच नीट. बायकोची डोकेदुखी गेली होती. स्वयंपाकात मीठ कमीजास्त होत नव्हतं. आणखी एक गोष्ट मुलीच्या लक्षात आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, प्राथमिक शाळेत बाई होती. घरात तिला अजून चिमणीच म्हणत.

"बाबा, आई शिंकत नाही हल्ली."

खरंच की. गिरणीवाल्याशी संसार म्हणजे पिठाशी संसार. तो दारात आला की बायकोला लागोपाठ तीन शिंका यायच्या. मग ती पदराने त्याचे खांदे झटकायची आणि म्हणायची, "आता या आत." इतक्या वर्षांत यात खंड नव्हता. आता तो पिठाने माखलेला सरळ आत यायचा, आणि ती मान वर न करता ताट वाढायची.

"तुझ्या आजोळची हवा मानवली तिला," तो हसून म्हणाला. मुलगीही हसली. पण त्या दिवसापासून तो बाहेरच अंग झटकून घरात येऊ लागला. घरात एक वासही येत होता. नदी ओसरल्यावर काठाला येतो तसा, ओल्या गाळाचा. त्याने मोरी धुऊन काढली, माठ घासला. वास गेला नाही. तो चुलीपाशी जास्त यायचा आणि ती अंगणात गेली की कमी व्हायचा. त्याने त्यावर विचार करायचं टाळलं.

आता कर्ण्यांचं सांगायला हवं. दोन्ही चौक्यांवर मोठाले कर्णे लावलेले होते. दिवेलागणीला पलीकडचा कर्णा इकडच्या सरकारला शिव्या द्यायचा, मग इकडचा कर्णा त्याच शिव्या परत करायचा. भाषा दोन्हीकडची एकच, त्यामुळे एकही शिवी वाया जात नसे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी कर्णा बिघडला तर घास घशाखाली उतरत नसे.

गोळीबार थांबून आठवडा झाला असेल. गिरणीत पाचसहा गिऱ्हाईकं डबे घेऊन बसली होती. गिरणीचा पट्टा काढून ठेवलेला, त्यामुळे सगळं शांत. पलीकडचा कर्णा खरखरला, आणि शिव्यांऐवजी एका बाईचा आवाज आला.

"अहो... ऐकू येतंय ना? मी इकडेच राहिले. भोंगा झाला तेव्हा मी आईपाशी होते. तिचा हात सोडवेना. मी धावत आले, पण फाटक लागलं होतं... मला घ्यायला या."

गिरणीवाल्याच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. तो आवाज तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी एक म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला, "काय रे, दोन बायका म्हणजे दोन चुली. झेपेल का तुला?" लोक हसले, पण ते हसू लगेच विरलं.

तो तसाच घरी गेला. बायको अंगणात तांदूळ निवडत बसली होती. कर्ण्याचा आवाज अंगणात गिरणीपेक्षाही स्पष्ट येई.

"ऐकलंस?"

"हो."

"कोण गं ती?"

"मला काय माहीत? आवाज काय, कुणाचाही काढता येतो." तिने खडा वेचून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकीवरचा साहेब जीप घेऊन आला. त्याने गिरणीवाल्याला विचारलं, "तुमची बायको कुठे आहे?"

"घरात."

"बघितलीत?"

"रोजच बघतो, साहेब."

"मग झालं तर. ही शत्रूची चाल आहे. आपली माणसं फितवायची, नदीत उतरवायची आणि टिपायची. तुम्ही नदीकडे फिरकू नका. फिरकलात तर मलाही तुम्हाला फितूरच म्हणावं लागेल." साहेब माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने घरात डोकावून बायकोला नमस्कारही केला. तिनेही केला.

कर्णा रोज बोलू लागला. कधी आई गेल्याचं सांगितलं. कधी एका धान्याच्या कोठारात झोपायला जागा दिल्याचं. कधी नुसतंच, "अहो... ऐकताय ना?" गिरणीवाला दिवेलागण झाली की गिरणी चालू करू लागला. दळण असो नसो. रिकामी गिरणी फिरवली की दगडाला दगड खातो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी तो ती फिरवायचा, आणि गिरणीच्या पट्ट्याच्या फटफटीत उभा राहायचा.

एका संध्याकाळी वीज गेली. गिरणी घरघरत थांबली आणि कर्णा मात्र चालू होता. पलीकडे वीज होती.

"आपल्या पहिलीचं नाव सांगू का? मग तरी पटेल?" आवाज म्हणत होता. "जी रडलीच नाही... तिचं नाव आपण दोघांनीच ठेवलं होतं. सगळ्यांदेखत कसं सांगू..."

ती गोष्ट चिमणीलासुद्धा माहीत नव्हती. गिरणीवाला घरी आला. बायको कंदिलाची काच पुसत होती. तो तिच्यासमोर बसला, आणि इतक्या वर्षांत जे नाव दोघांनी तोंडातून काढलं नव्हतं त्याबद्दल त्याने हळूच विचारलं, "आपल्या पहिलीचं... काय ठेवलं होतं आपण?"

तिने लगेच सांगितलं. बरोबर सांगितलं. वात वर केली, काच बसवली आणि म्हणाली, "तिलाही माहीत असणार. नाव विचारून काय कळणार आहे?"

त्याला हायसं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

पुढे कर्ण्यातला आवाज खालावत गेला. शब्द कमी, खोकला जास्त. आणि मग एकदा बोलता बोलता तो थांबला. कोठारातल्या धुळीने असेल. एक शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. दोन्ही काठांवर त्या शिंका घुमल्या. रस्त्यावरची एक बाई फिदकन हसली.

गिरणीवाला त्या दिवशी गिरणी बंद ठेवून घरी, अंगणातच होता. तो हसला नाही. तो खाली बसला. शब्द पढवता येतात, आवाज काढता येतो, एखाद्याकडून मारून मुटकून घरातली गुपितंही काढून घेता येतात. पण या शिंका... त्या त्याने जन्मभर दारात उभं राहून ऐकल्या होत्या. अंगणातली बाई त्याच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिने हातातलं काम थांबवलं होतं.

"जाणार आहात का?" तिने विचारलं.

तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिपाई जेवायला बसतात त्या वेळी, तो नदीवर गेला. ऊन चांगलं होतं. लव्हाळी कमरेच्या वर आलेली, वारा नव्हता, तरी आतल्या आत काहीतरी सळसळत होतं. तोच वास इथे भरून राहिला होता, घरातला. त्याने विजार वर केली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरला. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. इतकं गार की हाडं दुखली. पलीकडचा काठ काही फार लांब नव्हता. तिथे कुणी दिसत नव्हतं. आणखी वीसएक पावलं टाकली असती तर गाळाचा पट्टा लागला असता.

तिथे तो उभा राहिला. त्याला गोळीची भीती वाटत होती. साहेबाची वाटत होती. पलीकडे जी भेटेल तिला काय सांगायचं, घरी कोण आहे म्हणून सांगायचं, याची सगळ्यांत जास्त वाटत होती. बराच वेळ तो तसाच होता. मग त्याने मान खाली घातली आणि मागे वळला.

काठावर पाय टेकला तेव्हा मागून आवाज आला. डुबुक, डुबुक. कुणीतरी पाणी कापत चाललं होतं. न अडखळता, न थांबता, पलीकडे. त्याने वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं. त्या वेळी तो फक्त भराभरा घरी आला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिघंही घरात होती. चिमणी वह्या तपासत होती, बायको भाकरी थापत होती, तो दाराशी बसला होता. पलीकडचा कर्णा खरखरला. आवाज आज खणखणीत होता, आनंदी होता.

"आता काळजी नाही. सगळ्यांना सांगते, हे आले. काल दुपारी आले, नदीतून. पार गारठले होते बिचारे. आता बरे आहेत."

रस्त्यावरून जाणारा शेजारी दाराशी थांबून हसला. "काय हो, तुम्ही तर इथे बसलाय! साहेब म्हणतात ते खरंच, पलीकडच्यांची अक्कल संपली." त्याला मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत असावं. तो हसत हसतच पुढे गेला.

कर्णा अजून बंद झाला नव्हता. कुणीतरी घसा साफ केला. मग पुरुषाचा आवाज आला, पिठाने बसलेला, जरा घोगरा. गिरणीवाल्याने तो आधी ओळखलाच नाही. स्वतःचा आवाज बाहेरून कुणी कधी ऐकलेला असतो? ओळखला तो चिमणीने. तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

"चिमणे," कर्णा म्हणाला, "आम्ही दोघंही इकडे आहोत गं. तू तिथे एकटी काय करतेस? घाबरू नकोस. दाराला कडी लावून झोपत जा."

चिमणीने बापाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. परत बापाकडे. ती नजर त्याला ओळखीची होती. इतके दिवस त्याची स्वतःचीच होती ती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "काल दुपारी कुठे होतात?"

"नदीवर गेलो होतो. पण... परत आलो."

"परत आलात?"

"आलो की. हा काय समोर बसलोय."

तिने मान हलवली. वह्या गोळा केल्या, उठली, त्याला वळसा घालून, भिंतीला घासून, आपल्या खोलीत गेली. आतून कडी लागली. मग काहीतरी जड ओढत आणून दाराला टेकवल्याचा आवाज आला.

गिरणीवाला जागचा उठला. मुलीच्या दारापाशी जावं, की चुलीपाशी, त्याला कळेना. पायांत कालचा गारवा तसाच होता. तो वर, मांड्यांपर्यंत चढला होता.

बायकोने तव्यावरची भाकरी उलटली. त्याच्याकडे पाहून ती कितीतरी दिवसांनी हसली, मायेने, आणि शेजारचा पाट पुढे सरकवला.

"बसा इथे, चुलीजवळ," ती म्हणाली. "सुरुवातीला होतं तसं. मग सवय होते."